स्वरांच्या चाचणीआधी कानाची तयारी

प्रश्न : आमची कन्या दहा वर्षांची असून अमळनेरला मराठी शाळेत शिकते. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही लवकरच इंग्लंडला जाणार आहोत. तेथील ज्या शाळेत तिला सातवीसाठी घालायचे आहे, ती शाळा काही जागा संगीताचा कल पाहणारी चाचणी घेऊन भरते. कन्या पेटीवर गाणे शिकते, परंतु पाश्चात्त्य स्वरलिपी तिला येत नाही आणि चाचणीचे नाव काढताच ती रडवेली होते. तिची तयारी कशी करून घ्यावी?
— एक आई, अमळनेर

उत्तर : स्वरलिपीची काळजी आपण मनातून काढून टाकावी, कारण तेथील नियमांप्रमाणे अशा चाचणीत मुलाचे आजवरचे शिक्षण नव्हे, तर त्याचा कल पाहायचा असतो. यातील बऱ्याच चाचण्यांचा साचा आर्नोल्ड बेंटली यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीशी मिळताजुळता आहे. दोन स्वरांपैकी उंच कोणता, पाच स्वरांच्या ओळीत कोणता स्वर बदलला, चार मात्रांच्या ठेक्यात कोणती मात्रा बदलली आणि एकदम वाजणारे स्वर दोन, तीन की चार, एवढेच ओळखायचे असते.

ओळ आणि ठेका तिला जड जाऊ नयेत. गुलाबाईच्या गाण्यांवर टिपऱ्या खेळलेल्या मुलीच्या अंगात लय असतेच. खरी मेहनत हवी ती एकदम वाजणाऱ्या स्वरांवर, कारण आपल्या गायनात एका वेळी एकच स्वर ऐकण्याची सवय असते. तिला पाठमोरी बसवून पेटीवर सा आणि ग एकत्र दाबून धरावेत आणि ऐकू आलेला प्रत्येक स्वर तिला गुणगुणायला सांगावा. ते जमले की प मिळवावा. तार सा मात्र शेवटी घ्यावा, कारण सा आणि तार सा इतके एकजीव होतात की मुलांना तो एकच स्वर वाटतो.

उंच-खालचा स्वर ओळखताना पुष्कळ मुले मोठ्या आवाजालाच उंच स्वर समजतात, म्हणून खालचा स्वर मुद्दाम जोरात आणि वरचा हळू वाजवून पाहावा. चाचणीतले फरक अर्धस्वराहूनही बारीक असू शकतात आणि ते पेटीवर निघत नाहीत. त्यासाठी गुरुजी तंबोरा लावत असताना तिला जवळ बसू द्यावे. तारेखालचा मणी किंचित सरकला की स्वर चढला की उतरला, हे तिने सांगावे.

भीतीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. रोज दहा-पंधरा मिनिटांहून अधिक सराव नको आणि गुण मांडणे तर नकोच. गुलाबाईचा खाऊ मुली डबा हलवून, नुसत्या आवाजावरून ओळखतात. तेव्हा चुकले तरी कोणी रडत नाही, उलट पुन्हा कान देतात, आणि घरचा सराव त्याच खेळीमेळीने व्हावा. तिनेही आपल्याला प्रश्न घालावेत आणि आपण चुकलात तर तिला हसू द्यावे.

चाचणीत ध्वनिफीत बहुधा एकदाच ऐकवतात, म्हणून एखादा प्रश्न हुकला तर त्याचा विचार करत न बसता पुढच्याकडे कान लावण्याची सवय आतापासून करावी. सूचना इंग्रजीतून असतील. तेव्हा ‘हायर’, ‘लोअर’, ‘सेम’, ‘बीट’ हे शब्द शेवटचे काही आठवडे घरच्या सरावातही वापरावेत. काही शाळा दुसऱ्या फेरीत गायला किंवा वाजवायला सांगतात, त्याची चौकशी शाळेकडे आधीच करून ठेवावी.