जंगलातल्या ग्रेड ३ च्या (म्हणजे मध्यम अवघड) नदीवर कयाकिंगचा प्लॅन आहे, आदल्या रात्री जोरदार पाऊस झाला तर जावं का?

नाही, पाणी चांगलं उतरेपर्यंत थांबाच, कारण जंगलातल्या नदीत रॅपिडपेक्षा (खळाळत्या, वेगवान पाण्यापेक्षा) जास्त भीती पडलेल्या झाडांची असते आणि पुरात नवीन झाडं कुठे येऊन अडकलीत हे कोणालाच माहीत नसतं. फांद्यांमधून पाणी गाळणीसारखं आरपार जातं, माणूस आणि कयाक मात्र तिथेच दाबले जातात, त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, मग हाताच्या ताकदीने सुटणं फार अवघड. मी ग्रुप घेऊन नदीवर जातो त्यामुळे हे कळकळीने सांगतोय, वळणापलीकडचं दिसत नसेल तर काठालगतच्या संथ पाण्यात थांबायचं, उतरून बघून यायचं, शंका आली तर कयाक उचलून सरळ चालत पुढे. बाकी तयारी:

- निदान तिघं जण हवेत, प्रत्येकाकडे हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि थ्रो बॅग (पाण्यात पडलेल्याकडे फेकायची दोरीची पिशवी)
- मधेच बाहेर पडायच्या वाटा आधीच नकाशावर बघून ठेवा, जंगलात बऱ्याचदा रेंज नसते

फक्त एक, वरच्या बाजूला धरण असेल तर नुसता पावसाचा हिशोब चालत नाही, पाणी कधी सोडणार ते विचारूनच निघा.