इंग्लंडला निघण्याआधी थेरपीचं काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ३६, गेल्या वर्षी पुण्यात एडीएचडी (लक्ष टिकवणं आणि कामांची जुळवाजुळव जड जाणं) आणि ऑटिझम दोन्हींचं निदान झालं. त्याच सुमारास वडील गेले, पाठोपाठ घटस्फोट. आता चार महिन्यांनी स्किल्ड वर्कर व्हिसावर नोकरीसाठी इंग्लंड. जुन्या जखमांवरची थेरपी निघण्याआधी उरकून घ्यावी, की तिकडे पोचून नव्याने सुरू करावी?

माझं मत विचाराल तर दोन्ही नको. विमानात बसायच्या तोंडावर खोल जखम उघडू नका, आणि पोचल्या पोचल्याही नको. हे चार महिने आणि तिकडचे सुरुवातीचे काही महिने थेरपीतला वेळ रोजचा दिवस उभा करायला द्या. मी स्वतः ऑटिस्टिक आहे, सदाशिव पेठेत वाढले आणि बरीच वर्षं लीड्समध्ये राहते. इथे आलेली आपली माणसं कुठे कोसळतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

पुण्यात आपला दिवस किती जणांनी धरून ठेवलेला असतो, ते तिथे राहून कळत नाही. पोळ्यांना मावशी येतात, वाणी फोनवर सामान पाठवतो, गॅस संपत आलाय हे आईच्या लक्षात असतं, कुरिअर शेजारच्या काकू घेऊन ठेवतात. एडीएचडी असलेल्याच्या मेंदूला जे जड जातं, नेमकं तेच काम ही माणसं करत असतात. इथे ते सगळं एका आठवड्यात आपल्यावर येतं: भाडेकरार, बँक, कौन्सिल टॅक्स (इथली घरपट्टी), विजेचं मीटर, कुठला कचरा कुठल्या डब्यात आणि कुठल्या वारी. वर डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो. मग माणूस अंथरुणातून उठत नाही आणि त्याला वाटतं, वडिलांचं दुःख आता वर आलं. कधी ते खरंही असतं. पण पुष्कळदा आधार गेलेला असतो, आणि त्यावर उपाय दुःख उकरण्याचा नसून आधार पुन्हा बांधण्याचा असतो.

हा फरक ओळखणारा थेरपिस्ट शोधा. न्यूरोडायव्हर्सिटी-अफर्मिंग म्हणजे माझ्या लेखी एवढंच: तुमच्या मेंदूची घडण हा आजार समजून ती सरळ करायला जायचं नाही, आणि आघाताचे (ट्रॉमाचे) परिणाम मात्र मनापासून बरे करायचे. दोन्ही गोष्टी वरून सारख्या दिसतात. नजर न देणं, सपाट आवाज, अचानक आवाजाने दचकणं, काय वाटतंय ते शब्दांत न सांगता येणं, हे ऑटिझममध्येही असतं आणि आघातानंतरही. लक्ष्मी रोडवरच्या ढोलताशांनी मला लहानपणापासून मळमळतं. एका समुपदेशकांनी कित्येक सत्रं मिरवणुकीत माझ्याबाबतीत काय घडलं होतं, ते शोधण्यात घालवली. काहीही घडलं नव्हतं. तो आवाजच मला सोसत नाही. त्यावर उत्तर होतं कानांवरचे हेडफोन. उलट माझ्या बाबतीत ज्या गोष्टी खरोखर घडल्या होत्या, त्यांच्याकडे 'ऑटिझममुळे असं वाटतं' म्हणून दुर्लक्ष झालं. दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते, म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: हे दोन वेगळे कसे ओळखता? नजर द्यायला शिकवणार का? उत्तरादाखल तुम्हालाच 'जरा मिसळायला शिका' असं ऐकू आलं, तर दुसरीकडे जा.

आघातासाठी इथल्या नाइस या, उपचार कसे करावेत ते सांगणाऱ्या संस्थेच्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ट्रॉमा-केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींसोबत आठवणींवर काम करणारी थेरपी) या दोन्ही पद्धती आहेत. दोन्ही आपल्या मेंदूला जुळवून घेता येतात. ईएमडीआरमध्ये बोटामागे डोळे फिरवणं जमत नसेल, तर तळहातावर आलटून पालटून टिचक्या चालतात. 'डोळे मिटून सुरक्षित जागा डोळ्यांसमोर आणा' म्हटल्यावर अनेकांना चित्रच दिसत नाही. तसं असेल तर सांगून टाका, खोटं खोटं मान डोलवू नका. ऑटिस्टिक प्रौढांसाठी सीबीटी कशी बदलावी हे नाइसने २०१२पासूनच लिहून ठेवलंय: मांडणी ठोस हवी, लेखी आणि चित्ररूप साहित्य जास्त हवं, नियम उघड सांगावेत, अलंकारिक बोलणं टाळावं, मधे मधे विश्रांती द्यावी. ही मागणी करताना संकोच वाटून घेऊ नका.

आता सरकारी बाजू. व्हिसाबरोबर तुम्ही वर्षाला १,०३५ पाउंड आरोग्य अधिभार भरणार आहात, म्हणजे एनएचएसवर, इथल्या सरकारी आरोग्यसेवेवर, तुमचा हक्क आहे. पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवा. त्यासाठी पत्त्याचा पुरावा सक्तीचा नाही, कुणी अडवलं तर नम्रपणे तसं सांगा. नैराश्य, चिंता किंवा पीटीएसडीसाठी (आघातानंतरच्या त्रासासाठी) एनएचएसच्या 'टॉकिंग थेरपीज' सेवेकडे जीपीच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच अर्ज करता येतो. सुरुवातीला बहुधा ठरावीक साच्याची सीबीटी मिळते. अर्जातच ऑटिझम, एडीएचडी आणि लागणारे बदल लिहा, आणि ट्रॉमासाठी थेरपी हवी असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

एडीएचडीच्या औषधाचं मात्र आधीच बघा. इथे ते औषध तज्ज्ञ सुरू करतो, जीपी नंतर पुढे चालवतो. पुण्याचा कागद दाखवला की गोळ्या मिळतील, असं धरून चालू नका. तज्ज्ञांच्या रांगा लांब आहेत. इंग्लंडमध्ये 'राइट टू चूज' आहे, त्यातून जीपीला सांगून दुसऱ्या मान्यताप्राप्त सेवेकडे पाठवून घेता येतं. स्कॉटलंडमध्ये आणि वेल्समध्ये हा हक्क नाही. एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट घेत असाल, तर ते इथे नियंत्रित औषध आहे. तीन महिन्यांपेक्षा कमी साठा आणताना डॉक्टरांचं सहीचं पत्र जवळ हवं: नाव, प्रवासाच्या तारखा, औषध, मात्रा, एकूण गोळ्या. तीन महिने किंवा जास्त साठ्याला परवाना लागतो. मधल्या खंडाबद्दल पुण्यातल्या सायकियाट्रिस्टशी आत्ताच बोला.

निदानाचा अहवाल इंग्रजीत, लेटरहेडवर, वापरलेल्या चाचण्यांसह घ्या. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा असेल तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक त्यावर हवा. आणि माळ्यावरची शाळेची प्रगतिपुस्तकं शोधा. एडीएचडीच्या निदानाला लक्षणं बाराव्या वर्षाआधीची असावी लागतात, आणि 'हुशार आहे, पण वर्गात लक्ष नसते' हा बाईंचा शेरा इथे पुरावा ठरतो. भाषांतर करून ठेवा. पुन्हा तपासणी झाली, तर लहानपणाबद्दल आईशीही बोलायला मागतील. आईला निदानाबद्दल काहीच सांगितलं नसेल, तर तो विषय तुम्ही समोर असताना झालेला बरा. फोनवर फार अवघड जातं.

खासगी थेरपिस्ट शोधताना एक सावधगिरी. इथे 'सायकोथेरपिस्ट' किंवा 'काउन्सेलर' ही पाटी कुणीही लावू शकतं. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' या पदाला कायद्याचं संरक्षण आहे, ते एचसीपीसी या नियामक संस्थेच्या यादीत तपासता येतं. बाकीच्यांचं नाव बीएसीपी किंवा यूकेसीपी या व्यावसायिक संघटनांच्या यादीत आहे का, ते बघा.

पुण्यातल्या थेरपिस्टशी तुमचं जमत असेल, तर आत्ता सोडू नका. परदेशातल्या व्यक्तीसोबत त्या काम करतात का आणि तातडीच्या वेळी काय करायचं, हे विचारून लिहून ठेवा. दुःखाबद्दल मराठीत बोलता येणं ही मोठी गोष्ट आहे. वडिलांच्या आठवणी इंग्रजीत सांगताना मधेच गोठायला होतं. घड्याळाकडे लक्ष द्या: पुण्याचे संध्याकाळचे सात म्हणजे इथे उन्हाळ्यात दुपारचे अडीच आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून दीड. सत्र चुकायची ही हमखास जागा.

कामाच्या ठिकाणी २०१०च्या इक्वॉलिटी ॲक्टखाली (भेदभावविरोधी कायदा) वाजवी बदल मागता येतात: शांत जागा, लेखी सूचना, घरून काम. व्हिसाचा स्पॉन्सर नोकरी देणाराच असल्याने सांगायची भीती वाटणं स्वाभाविक आहे. तरी मला वाटतं, तब्येत ढासळण्याआधी लेखी मागितलेलं बरं. निदानापेक्षा काय लागतं त्यावर भर द्या.

फारच वाईट रात्र आली, तर इथे १११ लावून २ दाबा, मानसिक आरोग्याची मदत कोणत्याही वेळी मिळते. समॅरिटन्स या हेल्पलाइनशी ११६ १२३वर फुकट बोलता येतं. भारतातल्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर १४४१६ निघेपर्यंत तुमच्याकडे असू द्या. शहर कुठलं ते कळवा, लीड्सच्या आसपास असेल तर पहिल्या आठवड्यात जीपीकडे मी बरोबर येईन.