हप्ता भाड्याइतकाच बसतो, मग 15 इंची स्पीकरची जोडी घेऊन टाकू का?

तुझा मेल दोनदा वाचला. दादा म्हणालास म्हणून तू-तुझंच करतो. बाकीच्यांसाठी थोडक्यात: वय 27, राहायला कोपरखैरणे, महापेला नोकरी, महिन्याला पगार हातात 34,000, घरखर्च 22,000, बँकेत 90,000 आणि शनिवार-रविवार डीजेच्या सुपाऱ्या, गेल्या वर्षात 31 झाल्या. कंट्रोलर-लॅपटॉप स्वतःचा, स्पीकर मात्र दरवेळी भाड्याने, जोडी स्टँडसकट 2,500. आता दुकानदार 15 इंची पावर्ड (आतच अँप्लिफायर असलेली) जोडी 1,56,000 ला देतोय, 36,000 डाउन आणि बाकीच्या 1,20,000 वर 12 टक्के, 24 महिने, हप्ता 6,200. तुझं म्हणणं, वर्षाचं भाडं जातं 77,500 आणि वर्षाचे हप्ते होतात 74,400, म्हणजे "स्पीकर फुकटातच पडले ना?"

नाही पडले रे.

पहिलं म्हणजे ते 12 टक्के फ्लॅट आहेत. तू मुद्दल दर महिन्याला फेडत जाणार पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण 1,20,000 वरच मोजलंय, 28,800 रुपये. होम लोनसारखं घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. दुकानात हे कोणी सांगत नाही, आणि कागदावर 12 दिसल्यावर आपणही विचारत नाही.

दुसरं त्याहून मोठं. भाडं सुपारी आली तरच लागतं, हप्ता सुपारी आली का नाही ते बघत नाही. तूच पाठवलेल्या यादीत आषाढ-श्रावण मिळून फक्त दोन सुपाऱ्या आहेत. तुझा सरासरी दर 7,000, त्यातून रिक्षा-टेम्पो आणि मदतीच्या पोराचे 1,200 काढ, म्हणजे भाडं अजिबात न देता दोन सुपाऱ्यांचे 11,600 राहिले. त्याच दोन महिन्यांचे हप्ते 12,400.

आता यादीच नीट बघू, मला तीच जास्त इंटरेस्टिंग वाटली. 31 पैकी 22 सुपाऱ्या बारसं, वाढदिवस, सोसायटीचा क्लबहाउस, गच्चीवरचं काहीतरी, माणसं शंभर-सव्वाशे. उरलेल्या 9 म्हणजे घणसोली, दिवा, ऐरोली गावठाणातल्या हळदी. आगरी-कोळी हळद म्हणजे काय असतं ते तुला मी काय सांगू, तिथे छातीत धडधडलं नाही तर पाहुणे डीजेकडे वळून बघतात. ती धडधड 15 इंची टॉपमधून, म्हणजे स्टँडवरच्या स्पीकरमधून, येत नाही, त्याला खाली बेसचा वेगळा डबा लागतोच, आणि तो तू तसाही भाड्यानेच आणणार. मग 15 इंची नक्की कशासाठी? तू तुझ्या 9 मोठ्या सुपाऱ्या डोळ्यासमोर ठेवून खरेदी करतोयस आणि पोट भरतंय 22 छोट्यांवर.

डब्यावरच्या वॅटच्या आकड्याला फार भुलू नकोस, तो बहुतेक पीक, म्हणजे क्षणभरापुरता, असतो, आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त 3 डेसिबल. कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 लागतात. बघायचंच तर मॅक्स एसपीएल, म्हणजे स्पीकर जास्तीत जास्त किती डेसिबल देतो ते बघ, दोन मॉडेल शेजारी ठेवून. त्यात 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 नंतर उघड्यावर बंद, सरकारने सूट दिलेले वर्षातले मोजके दिवस सोडून, आणि दिवसाही सार्वजनिक जागेच्या हद्दीवर 75 डेसिबलच्या वर जायचं नाही. म्हणजे ज्यादा ताकदीचे पैसे भरायचे आणि ती वापरली तर पोलीस दारात, तेही सामान स्वतःचं असताना.

तर माझं मत 12 इंची जोडी, तूच आणलेलं 1,08,000 चं कोटेशन, वर स्टँड, एक्सएलआर (स्पीकर जोडायच्या) केबल, कव्हर धरून 12,000. एकूण 1,20,000. यात वाचतं किती? 22 छोट्यांचं पूर्ण भाडं 55,000, आणि 9 हळदींना जोडीऐवजी नुसता बेस 1,800 ला आणलास तर तिथे 700 प्रमाणे 6,300. वर्षाला 61,000 च्या आसपास, म्हणजे दोन वर्षांत पैसे वसूल. 15 इंचीला तोच 12,000 चा सरंजाम आणि व्याज धरून 1,96,800 पडतात, वाचतात मात्र तेवढेच, म्हणजे तीन वर्षं उलटून जातात. बॅटरीवाले सात-आठ किलोचे छोटे स्पीकर विचारलेस, बोस एस-वन प्रो वगैरे, तर बारशाला ते छान, पण शंभर माणसं नाचायला लागली की कमी पडतील.

पण आत्ता नको. बँकेतल्या 90,000 पैकी 66,000 म्हणजे तीन महिन्यांचा घरखर्च, त्याला हात लावायचा नाही, आईचं औषधपाणी तुझ्याकडेच आहे असं लिहिलंयस. मोकळे उरले 24,000. तुझी 5,000 ची भिशी कार्तिकात लागतेय, ते 60,000. गणपती ते दिवाळी गेल्या वर्षी 11 सुपाऱ्या होत्या, भाडं-बिडं जाऊन 3,300 प्रमाणे 36,000 झाले. जमवून बघ, बरोब्बर 1,20,000, आणि तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो तेव्हा जोडी दारात, हप्ता शून्य. रोख आहे म्हटल्यावर दुकानदाराकडून निदान स्टँड तरी फुकट काढ. बिल जीएसटीसकट स्वतःच्या नावावरच घे, उद्या वॉरंटीला किंवा विम्याला तेच लागतं. सुपाऱ्या कमी आल्या आणि दहा-पंधरा हजार कमी पडले तर सेकंडहँड स्टँड घे, पण दुकानाच्या फायनान्सला जाऊ नकोस. अगदीच वाटलं तर बँकेत सरकारी मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज विचार, 50,000 पर्यंत तारणाशिवाय मिळतं, आणि व्याज घटत्या शिल्लकीवर आहे ना ते विचारून मगच सही कर.

तोपर्यंत एक कर. पुढच्या दोन छोट्या सुपाऱ्यांना 12 इंचीच भाड्याने घे, माणसं भरली की शेवटच्या रांगेत जाऊन आवाज पुरतोय का ऐक, आणि स्पीकरच्या मागची लिमिटची लाल लाइट, ताकद संपत आली की लागते ती, सारखी लुकलुकतेय का तेही बघ. अधूनमधून चमकली तर चालतं, पेटूनच राहिली तर मला परत लिही, मग आपण गणित बदलू. आणि तुझी बिल्डिंग बिनलिफ्टची, तिसरा मजला ना? रात्री साडेअकराला ती जोडी एकदा स्वतः वर चढवून बघ, मग दुकानात जाऊन 15 इंचीचा एक डबा नुसता उचल.