बजेटमध्ये औषधाची ओळ कुठेय?

बाय,

तुझ्या संशोधन प्रस्तावाचा ड्राफ्ट वाचला. मिरकरवाडा आणि हर्णै ही मासेमारीची बंदरं आणि रायगडातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्या, तिन्हीकडचं प्रजनन आरोग्य, सगळं एका वर्षात, आणि खाली एकच प्रश्न की ताई ह्याला पैसे कोण देईल. सांगते. पण आधी ते शीर्षक. त्यात "माता आरोग्य" का घातलंयस ते कळतं मला, तिथे पैसा आहे. गरोदर बाई म्हटली की योजना आहे, कार्ड आहे, आशाताई आहे, आणि फंडरलाही ऐकायला बरं वाटतं. पण आत तू ज्यांच्याबद्दल लिहिलंयस त्यातलं गरोदर कोण आहे? पन्नाशी उलटलेली कोळीण, जिचं अंग बाहेर येतंय आणि तरी डोक्यावर टोपली घेऊन ती बाजार गाठतेय, ती ह्यात बसत नाही. एनएफएचएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पण बाई १५ ते ४९ वयाचीच घेतात, म्हणजे तिथूनही ती गेलीच. लग्न न झालेली, नवऱ्याने टाकलेली, किंवा बोटीवरचा तो नेपाळी खलाशी ज्याला लघवीला जळजळ होते आणि मेडिकलवाला देईल ती गोळी घेऊन जो परत समुद्रात जातो, ह्यातलं कुणीच "माता" नाही. शीर्षक बदल. पैसे कमी मिळतील कदाचित, पण ज्या कामासाठी मागितले त्याच कामाला वापरता तरी येतील.

आणि कमी पैशात छोटा अभ्यास म्हणजे दुय्यम असं डोक्यातून काढ. राणी आणि अभय बंग ह्यांचा गडचिरोलीचा अभ्यास, १९८९ ला लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, तो फक्त दोन गावांचा होता, ६५० बायका. त्यात ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजारांपैकी काही ना काही निघालं, आणि आधी कधी आतून तपासणी झालेल्या बायका होत्या ८ टक्के. गावातली बाई म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच धरून चालणाऱ्या सगळ्यांना त्या दोन गावांनी जागं केलं.

आता बजेट. टॅब्लेट आहे, सॉफ्टवेअर आहे, दोन फील्डच्या मुली, प्रवास, प्रिंटिंग, ओव्हरहेड, सगळं आहे. औषध नाहीये. इन्फेक्शन निघालं तर काय, ह्याच्यापुढे तू "रेफर करू" लिहून मोकळी झालीस. कुठे रेफर करणार गं? वाडीतून रस्त्यापर्यंत चालत, मग एसटी मिळाली तर, दिवसाची मजुरी बुडाली, पोर कडेवर, आणि तिथे गेल्यावर लेडी डॉक्टर आज नाहीत उद्या या. ती उद्या जात नाही. मग तुझ्याकडे तिचा आजार एक्सेलमध्ये आहे आणि तिच्याकडे तो अंगावर तसाच आहे, ह्याला मी रिसर्च म्हणायला तयार नाही, कुणी कितीही छापू दे.

म्हणून औषधाची ओळ घाल. सरकारी सुरक्षा क्लिनिकमध्ये, म्हणजे लैंगिक आजारांच्या दवाखान्यात, रंगाप्रमाणे औषधांची किट असतात, फुकट, पांढरं जाण्याला हिरवं, ओटीपोटातल्या इन्फेक्शनला पिवळं, त्यांच्याशी आधी बोलून ठेव. पण साठा संपला तर विकत घ्यायला पैसे तुझ्याकडे हवेत. जोडीदाराची ट्रीटमेंट पण त्यातच धर, कारण बाईला बरं केलंस आणि नवरा बोटीवरून आला की पुन्हा तेच, आणि तो कुठल्या दिवशी किनाऱ्याला असतो ते तुला माहीत हवं. रिक्षाभाडं धर. बुडालेली मजुरी धर, आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या एथिक्स गाइडलाइन्समध्ये ते चालतं, फक्त रक्कम एवढी नको की बाई पैशासाठीच हो म्हणेल. आठवड्यातून एक दिवस वाडीत येणारी लेडी डॉक्टर, तिचं मानधन. ह्या ओळी बघून फंडर म्हणेल की ही सेवा झाली, संशोधन नाही. तेव्हा शांतपणे सांग की उपचार दिसला तरच बाई तपासणीला येते, आणि बाई आली नाही तर डेटा पण नाही. पुष्कळांना हे पटतं. ज्याला नाही पटत त्याचे पैसे नको घेऊस.

मग वेळापत्रक, तिथे तर तू कमालच केलीयस. एप्रिलमध्ये पैसे, दोन महिने ट्रेनिंग, जूनमध्ये खलाशांचा सर्व्हे! अगं १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, नेपाळी पोरं केव्हाच घरी गेलेली, तू कुणाला विचारणार, ताडपत्रीला? आणि कातकरी वाड्या तू डिसेंबरात धरल्यायस, तर दिवाळी झाली की माणसं वीटभट्टीला नाहीतर कोळशाला निघतात, वाडीत म्हातारी नि कुत्री राहतात, पावसाच्या तोंडाशी ती परत येतात. म्हणजे उलटं कर, पावसाळ्यात कातकरी (लावणीचे दिवस टाळून) आणि बंदरं पाऊस गेल्यावर. गणपतीत कुणालाच काही विचारायचं नाही. लिलाव चालू असताना कोळणीसमोर फॉर्म धरायचा नाही, ती शिव्या देईल आणि बरोबर देईल. फंडरचं वर्ष मार्चला संपतं, यूसी म्हणजे पैसे खर्च झाल्याचा दाखला मागतात, पण आपली माणसं मार्चप्रमाणे जगत नाहीत, तेव्हा पहिल्यापासून १८ महिने माग.

पैसे कोण देतं ते पटकन सांगते. आयसीएमआरचं एक्स्ट्राम्युरल आहे, म्हणजे बाहेरच्या संस्थांना संशोधनासाठी अनुदान, पण तुझी संस्था म्हणून अर्ज करायला डीएसआयआर ह्या केंद्राच्या विज्ञान-संशोधन खात्याची मान्यता लागते, ती तुमच्या ट्रस्टकडे नाही. मग मेडिकल कॉलेजमधला कायम नोकरीतला कुणीतरी मुख्य संशोधक आणि तू सोबत. अलिबाग, सिंधुदुर्ग, रत्नागिरी तिन्हीकडे आता सरकारी कॉलेजं आलीत, तिथल्या पीएसएमवाल्यांना (सामाजिक वैद्यकशास्त्र विभागाला) विषय हवेच असतात. परळच्या एनआयआरआरसीएचचं, म्हणजे आयसीएमआरच्या प्रजनन आणि बाल आरोग्य संशोधन संस्थेचं, डहाणूला ग्रामीण संशोधन युनिट आहे, ती माणसं आदिवासी भागात काम करतात. डेरवणचं वालावलकर रुग्णालय किशोरवयीन मुलींचा पाठपुरावा करतंय, त्यांच्याकडून फील्ड कसं सांभाळतात ते जाऊन बघ. लोटे, महाडच्या कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी असतो, कायद्याने नफ्याचे दोन टक्के, पण त्यांना फोटो निघेल असं काही हवं असतं, व्हॅन किंवा पॅडचं मशीन. रिसर्च नाही, औषधांची ओळ मात्र त्यांच्याकडून निघू शकते, तसं माग.

परदेशी पैशाचं स्वप्न सध्या बाजूला ठेव. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, २०२० ला बदलला, आता मोठी मुंबईची संस्था तिच्याकडचा परदेशी पैसा तुमच्यासारख्या छोट्या संस्थेला पुढे देऊच शकत नाही, आणि आरोग्य संशोधनाला परदेशी फंड म्हटलं की आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीची मंजुरी वेगळी. त्यात २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत थांबवली तेव्हा देशोदेशीचे डीएचएस, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्याचे सर्व्हे पण अडकले. एकाच खिशावर काम उभं केलं की असं होतं.

आपल्या दापोलीजवळच्या मुरूडचे र. धों. कर्वे, १९२१ ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, नोकरीवर पाणी सोडलं, पदरमोड करून मरेपर्यंत मासिक चालवलं. मोठा माणूस. पण तू तसं करू नकोस. आपल्याकडे खिशातून काम करणाऱ्याचं फार कौतुक होतं आणि त्या कौतुकात पुढच्या मुलीचा पगार कुणी बोलतच नाही. फील्डच्या त्या दोघींचा पगार वाढव, पहिल्यांदा तेच.

अठराखालच्या मुली ह्या वेळी घेऊ नकोस. पॉक्सो ह्या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात, अठराखालच्या मुलीशी लैंगिक संबंध आल्याचं कळलं की पोलिसांना कळवावं लागतं, कातकरी वाडीत सोळाची मुलगी दोन महिन्यांची गरोदर आहे असं ती तुला विश्वासाने सांगेल आणि तू तिच्या नवऱ्यावर केस लावून येशील. तो अभ्यास वेगळा, त्याला समुपदेशक आणि वकील लागतो आणि एथिक्स कमिटीशी लेखी बोलणं लागतं. पुढे करू.

रविवारपर्यंत बजेटचं एक्सेल नवीन करून पाठव, नरेटिव्ह मी त्यानंतर वाचेन. आणि डहाणूला फोन करायच्या आधी मला विचार, कुणाशी बोलायचं ते सांगते.

ताई