गेजवर 45.0, तरी चौथा कोपरा उघडा: माझा अनुभव

गेजवर कोन बरोबर दिसूनही कोपऱ्यात फट का राहते, हा तुमचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं वर आलं. सागवानाचा ट्रे, बाजू 12 मिमी जाड, टेबल सॉचं (टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीचं) पातं तिरकं करून डिजिटल गेजवर, म्हणजे पात्याला चुंबकाने चिकटून कोन दाखवणाऱ्या छोट्या डब्यावर, 45.0 अंश बघूनच कापलंत. तीन कोपरे चपखल बसले आणि चौथ्यात जवळपास 1 मिमी फट. माझ्याकडे फोटो फ्रेमच्या कामात हुबेहूब हेच झालं होतं. गेज आधी टेबलावर झीरो करायचा आणि मग पात्याला लावायचा, हे तुम्ही करताच आहात, ते पुन्हा सांगत बसत नाही.

आधी हिशोब बघा. चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक काप 0.2 अंशाने चुकला, तर तीन कोपरे दाबून बसवल्यावर शेवटच्यात 1.6 अंश साचतात. 12 मिमीच्या फळीचं तिरकं तोंड साधारण 17 मिमी, म्हणजे फट अर्ध्या मिमीच्या आसपास. तुमची त्याच्या दुप्पट आहे, म्हणजे कापामागे 0.4 अंश कुठेतरी जातोय.

एक संशयित लगेच निकालात काढा. गेजची कड पात्याच्या दातावर टेकलीय का? कार्बाइडचे (कठीण धातूचे) दात पात्याच्या सपाट पत्र्यापेक्षा दोन्ही अंगांना थोडे बाहेर असतात. 60 मिमीच्या गेजखाली एका टोकाला 0.4 मिमी उचल आली की तिथेच जवळपास 0.4 अंश गेला. गेज दोन दातांच्या मधून सरळ पत्र्यावर बसवा. चुंबकाला चिकटलेला लोखंडाचा कीसही पुसा, विशेषतः त्याच खोलीत ग्राइंडर चालत असेल तर. आणि हे सगळं प्लग काढून. मोटर सुरू करण्याआधी गेज पात्यावरून काढलाय ना, हे प्रत्येक वेळी डोळ्यांनी बघा.

एवढं करूनही फट राहिली, तर माझा संशय थेट गेजवर आहे. 0 वर बरोबर दाखवणारा गेज 45 वर बरोबर दाखवेलच असं नाही. आतला सेन्सर गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून कोन काढतो, आणि स्वस्तातल्या गेजमध्ये मधल्या कोनांना चूक वाढू शकते. बऱ्याच गेजच्या माहितीपत्रकात 0 आणि 90 ला ±0.1 आणि बाकी सगळीकडे ±0.2 असं छापलेलंच असतं. टेबलावर झीरोचं बटण दाबून ही चूक जात नाही.

माझं खरं नुकसान इथेच झालं, आणि ते एका सर्व्हिस सेंटरमुळे. नाव घेत नाही. गेज वॉरंटीत होता. 45 ला चुकतोय असं लेखी दिलं होतं. तिथल्या माणसाने तो ग्रॅनाइटच्या सपाट प्लेटवर ठेवला, 0.0. उभ्या बाजूला लावला, 90.0. झालं, "ओके"चा शिक्का मारून परत. मधला एकही कोन तपासला नाही, आणि मी पुरावा म्हणून नेलेला लाकडी त्रिकोण हातात घ्यायलाही तयार नाही. तपासणीचे पैसे वर घेतले. वाईट याचं वाटतं की त्या शिक्क्यावर भरवसा ठेवून पुढचे दिवस मी सॉ उघडून सेटिंग बदलत बसलो. सॉमध्ये काही दोष नव्हता आणि चांगलं सागवान मात्र तुकड्यांत गेलं. ग्राहकाने जी तक्रार लिहून दिली तीच तपासायची नाही, तर कागद घेता कशाला?

म्हणून ही तपासणी घरीच करा. प्लायचा एक काटकोन त्रिकोण कापा, दोन बाजू अंदाजे सारख्या. काटकोन मात्र चांगल्या लोखंडी गुण्याला (काटकोन तपासायच्या साधनाला) लावून, उजेडासमोर धरून पक्का करा. त्रिकोण टेबलावर एका बाजूवर उभा करून तिरक्या कडेवर गेज ठेवा आणि आकडा लिहा. मग दुसऱ्या बाजूवर उभा करा, उताराची दिशा आणि गेजचं तोंड तेच ठेवून, आणि पुन्हा आकडा लिहा. बेरीज 90 यायलाच हवी, तिरकी कड 44 ची असो की 46 ची. माझी 90.8 आली, म्हणजे 45 च्या आसपास गेज 0.4 जास्त दाखवतो. तसं असेल तर गेज फेकू नका. 45 साठी त्यावर 45.4 आणा आणि आकडा पट्टीवर लिहून गेजलाच चिकटवा. पण ही दुरुस्ती तेवढ्या कोनापुरती आणि त्याच बाजूच्या उताराला. 30 ला ती लागू पडेल असं धरू नका.

मी इंजिनिअर नाही, हौसेने सुतारकाम करणारा आहे. तुमच्या सॉचा मेक वेगळा असेल तर काही गोष्टी वेगळ्याही असतील. पण माझं मत ठाम आहे: गेज महागडा घेण्यापेक्षा एक खरा गुण्या घ्या. शेवटचा निर्णय गेजचा नाही, दोन टाकाऊ तुकडे 45 ला कापून तोंडाला तोंड लावल्यावर गुण्या जे सांगेल त्याचा.

आणखी दोन गोष्टी. पात्याचा कोन लॉक करताना तो किंचित सरकतो, म्हणून लिव्हर आवळल्यावर पुन्हा वाचा. आणि तुम्ही पुढे फ्रेम करायचं लिहिलंय, तर तिथे फळी आडवी ठेवून माइटर गेजने (टेबलाच्या खाचेत सरकणाऱ्या, फळी तिरकी धरणाऱ्या आधाराने) कापणार असाल, तर हा डिजिटल डबा कामाचा नाही. टेबलाच्या सपाटीत फिरणारा कोन त्याला कळतच नाही. त्यासाठी दोन पट्ट्यांचा डिजिटल कोनमापक लागतो. फ्रेम जोडल्यावर पावसाळ्यात कोपऱ्याची बाहेरची बाजू उघडली, तर गेजला दोष देऊ नका, लाकूड रुंदीत फुगलंय. आतली बाजू उघडली तर लाकूड आटलंय. बेरीज किती आली ते इथे कळवा, पुढचं त्यावरून बघू.