ठाण्याहून पॅरिसला जाताना: नेपोलियनच्या कबरीसाठी आणि लष्करी संग्रहालयासाठी दोन वेगळी तिकिटे काढावी लागतात का?

नाही, एकच तिकीट पुरते, कारण नेपोलियनची कबर ज्या घुमटाखाली आहे तो ‘अँव्हालिद’ संकुलातील घुमट आज लष्करी संग्रहालयाचाच भाग आहे. ठाण्यात शालेय मुलांना इतिहास शिकवताना हा क्रम मला वारंवार समजावून सांगावा लागतो: फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने 1670 मध्ये जायबंदी सैनिकांच्या निवाऱ्यासाठी या वास्तूचा आदेश दिला, सेंट हेलेना बेटावर 1821 मध्ये वारलेल्या नेपोलियनचे अवशेष 1840 मध्ये येथे आणले गेले, आणि घुमटाखालची जमीन खोदून तयार केलेल्या तळघरातील तांबड्या दगडाच्या शवपेटीत ते 1861 मध्ये ठेवले गेले. तोफखान्याचे संग्रहालय आणि लष्करी इतिहासाचे संग्रहालय एकत्र होऊन सध्याचे संग्रहालय 1905 मध्ये झाले. म्हणजे कबर आधीची आणि संग्रहालय नंतरचे. शवपेटीभोवती उभ्या असलेल्या बारा स्त्रीमूर्ती त्याच्या विजयी मोहिमांची प्रतीके आहेत, त्या वरच्या कठड्यावरून पाहून परतू नये, जिना उतरून खाली जावे. एक गोष्ट मात्र ध्यानात असू द्यावी, की संपूर्ण संकुल संग्रहालय झालेले नाही: जखमी व वृद्ध सैनिकांची निवास-उपचाराची संस्था तेथे आजही चालते, त्यामुळे काही भागांत पर्यटकांना प्रवेश मिळत नाही.