आवाज मुळातच खराब असेल तर तो सुधारतो का? घरी सुरुवात कशी करायची?

तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून सविस्तरच लिहिते. तुम्ही म्हणताय वय २९, घणसोलीला राहता, सोसायटीच्या गणपतीत कराओकेवर गायलात, अंतऱ्याला आवाज फाटला, समोर बसलेले हसले, आणि आता प्रश्न पडलाय की आवाजच खराब आहे की काही करता येईल, क्लासला वेळ नाही, आणि मध, आलं, ज्येष्ठमध यातलं काय घेऊ.

करता येतं. मी ठाण्यात राहते, ऐरोलीला अकाउंट्समध्ये नोकरी करते, गाणं शिकायला सुरुवात केली तेव्हा मी ४१ ची होते, त्याला आता सहा वर्षं झाली. लहानपणी घरात बहिणीचा आवाज गोड आणि माझा घोगरा असं ठरून गेलेलं, त्यामुळे आरतीतसुद्धा मी नुसत्या टाळ्या वाजवायचे. हे सांगते कारण लोक हसले तेव्हा तुम्हाला काय वाटलं असेल ते मला बरोबर माहितीये.

आधी एक करून बघा. दुसरं कोणी गाताना सूर सोडतं तेव्हा तुम्हाला खटकतं का? खटकत असेल तर तुमचा कान शाबूत आहे आणि निम्मं काम झालेलं आहे. सुरातला फरक अजिबात कळतच नाही अशी माणसं असतात पण फार थोडी. बाकीच्यांचं काय होतं, तर दुसऱ्याचं ऐकू येतं पण गाताना स्वतःचं ऐकू येत नाही, आणि माझ्या मते नवशिक्याची खरी अडचण ही एकच आहे. सगळे गळ्याच्या मागे लागतात, गळा मोकळा कसा करू, आवाज वर कसा नेऊ, काय पिऊ, आणि कानाकडे कोणी बघतच नाही.

माझा क्लासचा पहिला दिवस सांगते. नौपाड्यात एका जुन्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर बाईंचा क्लास, मी एक भावगीत तयार करून गेले होते, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, काहीच बोलल्या नाहीत, तानपुरा लावला आणि म्हणाल्या सा लावा. मी लावला. म्हणाल्या आवाज निम्मा करा. केला. अजून निम्मा करा, तानपुरा तुमच्यापेक्षा मोठा ऐकू यायला पाहिजे. आणि मग पंधरा-वीस मिनिटं नुसता सा. मला वाटत होतं मी बरोबर लावतेय, पण आवाज खाली आणल्यावर पहिल्यांदा ऐकू आलं की माझ्या सा आणि तानपुऱ्याच्या सा मध्ये काहीतरी थरथरतंय, वाव-वाव-वाव असं. दोन सूर जवळ आहेत पण एक नाहीत तेव्हा ही थरथर होते, सेकंदाला तीन कंपनांचा फरक असला तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात, सूर जवळ नेला की हेलकावे हळू होतात आणि बरोबर जुळला की थांबतात. ते थांबलं त्या क्षणी अंगावर काटा आला माझ्या. सूर लागणं म्हणजे काय ते तोवर मला माहीतच नव्हतं.

तर तुमचं पहिलं काम हे. मोबाईलवर तानपुऱ्याचं एखादं अ‍ॅप घ्या, फुकटची पण चांगली आहेत, इअरफोन एकाच कानात घाला, दुसरा कान स्वतःच्या आवाजासाठी मोकळा ठेवा, आणि रोज दहा मिनिटं फक्त सा, मोठ्याने नाही, शेजारी बसलेल्याशी बोलतो तेवढ्याच आवाजात. महिनाभर फक्त एवढं केलंत तरी फरक कळेल. शास्त्रीय गायक पं. राम मराठे आपल्या ठाण्याचेच, त्यांच्या नावाने ठाणे महापालिका संगीत महोत्सव घेते, कधी जमलं तर तिथे पुढे जाऊन बसा आणि मोठे कलाकार सुरुवातीला नुसत्या सा वर किती वेळ देतात ते बघा, चाळीस-पन्नास वर्षं गाऊनसुद्धा.

दुसरं म्हणजे पट्टी, म्हणजे आपला सा कुठल्या उंचीवर धरायचा ते, आणि तुमचा आवाज फाटला त्याचं कारण बहुतेक इथेच आहे. कराओकेचा ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत असतो, आपले सिनेमातले पुरुष गायक बऱ्यापैकी वर गातात, आणि आपण तो ट्रॅक आहे तसा लावतो. खालच्या सुरात स्वरतंतू जाड राहून हलतात, वर जाताना ते ताणले जाऊन पातळ व्हायला लागतात, हा बदल सावकाश करायची सवय नसली की माणूस वर जाताना हवेचा जोर वाढवतो, आणि एका ठिकाणी तंतू तो जोर झेलत नाहीत, तिथे आवाज फाटतो. ते तुमच्या आवाजाचं वाईटपण नाही हो, दुसऱ्याच्या मापाचा शर्ट घातलात तर तो उसवणारच.

स्वतःची पट्टी शोधायला पेटी नसली तर पेटीचं अ‍ॅप चालेल. आ करत एकेक सूर खाली उतरत जा, जिथपर्यंत आवाज स्पष्ट आहे, नुसती खरखर होत नाहीये तिथे थांबा. तो तुमचा खालचा प धरा आणि त्यावरून सा काढा, पाच अर्धे सूर वर (पेटीवर काळ्या-पांढऱ्या धरून लगतच्या दोन सुरांत अर्ध्या सुराचं अंतर असतं). म्हणजे काळी चारवर, सप्तकातल्या चौथ्या काळ्या सुरावर, थांबलात तर सा काळी एक. बऱ्याच पुरुषांची पट्टी या काळी एकच्या आसपास असते, त्या सा ला सेकंदाला साधारण १३९ कंपनं होतात आणि वरच्या सा ला बरोबर दुप्पट, २७७ च्या आसपास. मग वर जाऊन बघा, वरचा सा आणि त्याच्या पुढे ग पर्यंत न ओरडता पोचता येतंय का. येत नसेल तर पट्टी अर्धा-एक सूर खाली. आता गाणं समजा पांढरी तीनचं आहे आणि तुम्ही काळी एकचे, तर कराओके अ‍ॅपमध्ये ट्रॅक वजा तीन, म्हणजे तीन अर्धे सूर खाली, करा. पण गाण्याची सगळ्यात वरची ओळ आणि सगळ्यात खालची ओळ दोन्ही म्हणून मगच नक्की करा, काही गाणी मुखड्याला इतकी खाली असतात की ट्रॅक उतरवला की तिथे आवाजच संपतो. माझं सांगायचं तर मी वर्षानुवर्षं बहिणीच्या काळी पाचमध्ये गायचा प्रयत्न करत होते आणि माझी पट्टी निघाली पांढरी पाच, म्हणजे तीन अर्धे सूर खाली. त्या पट्टीत पहिल्यांदा गायले तेव्हा बाई म्हणाल्या, हा घोगरा नाही, हा भरीव आवाज आहे. एकेचाळीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं.

सकाळी जमलं तर खर्जाचं करा. सा पासून खाली नि, ध, प, एकेका सुरावर एक श्वास, हळू, दाबून आवाज जाड करायचा नाही, जेवढा येतो तेवढा येऊ द्यायचा. दहा मिनिटं पुरे. त्यानंतर दोनच अलंकार, सारेग रेगम गमप, आणि सासा रेरे गग, इतके सावकाश की प्रत्येक सुराला थांबून बघता येईल तो बसला की नाही. तोंड उघडून आ म्हणा, आपण लाजत लाजत अ आणि ओ च्या मधलं काहीतरी म्हणतो आणि आवाज आतच अडकतो. श्वास घेताना खांदे वर जात असतील तर आरशासमोर उभं राहून करा, पोट आणि बरगड्या फुगल्या पाहिजेत, खांदे नाही. मोबाईलचं घड्याळ लावून स्स्स करत एकसारखी हवा सोडायची, मी १२ सेकंदांवरून सुरू केलं होतं, आता २५ पर्यंत जाते.

गाण्यांच्या आधी एखादा राग हवा असेल तर भूप घ्या. सा रे ग प ध एवढेच पाच सूर, म आणि नि नाहीत, त्यामुळे अर्ध्या सुराचं अंतर कुठेच येत नाही आणि नवशिक्याचा सूर ज्या अरुंद जागी घसरतो त्या जागाच यात नाहीत.

सूर बघायला ट्यूनरचं अ‍ॅप वापरायला हरकत नाही, पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली ती तुम्हाला आत्ताच सांगते. ट्यूनर पेटीसारखा सप्तकाच्या बारा समान भागांवर बेतलेला असतो. तुमचा शुद्ध ग तानपुऱ्याशी अगदी एकजीव झाला की सुई साधारण १४ सेंट खाली दाखवेल, एका अर्ध्या सुराचे १०० सेंट असतात. मी कित्येक आठवडे सुई मधोमध आणायला ग वर ढकलत होते आणि बाई दर वेळी म्हणायच्या ग चढतोय. अशा वेळी सुईपेक्षा तानपुऱ्याचं ऐका. नीट जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या, तारेतून ग आपोआप ऐकू येतो, कान तयार झाला की सापडतो तो.

आणि रेकॉर्डिंग. स्वतःचा आवाज आपल्याला हवेतून येतो तसा कवटीच्या हाडांतूनही येतो, हाडांतून येणारा भाग खालच्या सुरांचा आणि भरदार, मोबाईलमध्ये तो नसतो म्हणून रेकॉर्ड केलेला आवाज पातळ आणि परका वाटतो. सगळ्यांनाच वाटतो. पहिले आठ-पंधरा दिवस फार त्रास होतो, डिलीट करू नका, नंतर सवय होते आणि मग चुका नेमक्या कुठल्या ओळीत आहेत ते दिसायला लागतं.

जागेचं म्हणाल तर वन बीएचकेमध्ये भिंतीपलीकडे शेजारी, घरात सासूबाईंची झोप, मला माहितीये सगळं. खर्ज आणि सा हळू आवाजातच करायचेत त्यामुळे कोणाला त्रास होत नाही. मोठ्याने गायचं असेल तेव्हा मी गच्चीवर जाते नाहीतर खाली पार्किंगमध्ये गाडीच्या काचा लावून बसते. लोकलमध्ये ठाणे ते ऐरोली तोंड मिटून गुणगुणते, ओठ बंद आणि दात किंचित सुटे, नाकाच्या हाडाशी झिणझिण्या आल्या पाहिजेत. आजूबाजूच्या आवाजात कोणाला ऐकूसुद्धा जात नाही.

आता माझी एक चूक, ही मात्र मन लावून वाचा. तिसऱ्या वर्षी मी एका दुसऱ्या ठिकाणी आठवड्याच्या शिबिराला गेले होते, तिथे सगळ्यांना एकच पट्टी, आणि वर जाताना जोर लावा, अजून जोर, असं चाललेलं. चौथ्या दिवशी घसा बसला, तरी मी गायले, आणि पुढे तीन आठवडे आवाज परत आलाच नाही. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं तर स्वरतंतू सुजलेले. काही दिवस मौन सांगितलं आणि कुजबुजायचंही नाही म्हणाले, कुजबुजताना गळ्यावर उलट ताण येतो. त्यानंतर स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं, तिने शिकवलेला एक प्रकार मी आजही रोज करते. अर्धा ग्लास पाणी, त्यात दोन बोटं बुडेल असा स्ट्रॉ, आणि स्ट्रॉमधून उ उ करत सूर वर-खाली न्यायचा, पाण्यात बुडबुडे येत राहिले पाहिजेत. पुढून पाण्याचा अडथळा असल्यामुळे स्वरतंतू एकमेकांवर आपटत नाहीत, हलकेच भेटतात. गायच्या आधी पाच मिनिटं हे केलं की गळा तयार होतो. तेव्हा गाताना दुखलं की तिथेच थांबायचं, आणि घसा बसून दोन-तीन आठवडे झाले तर घरी काढे करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मध-आल्याबद्दल थोडक्यात. आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं, स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात, त्यांना मध काय आणि पाणी काय, थेट लागतच नाही. ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, जरूर चघळा, पण त्याने सूर लागत नाही. पाणी दिवसभर थोडं थोडं पिणं महत्त्वाचं, गायच्या क्षणी घोटभर पिऊन फारसं काही होत नाही. वाफेचा ओलावा तंतूंपर्यंत पोचतो, म्हणून कोरडं वाटलं तर वाफ घ्या. सतत खाकरायची सवय असेल तर मोडा, त्याऐवजी आवंढा गिळा. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं होणाऱ्यांचं आम्ल वर घशापर्यंत येतं आणि सकाळी आवाज जड असतो, हेही बघा. आणि घोडबंदर रोडसारख्या धुळीतून बाईकवर जात असाल तर तोंडाला रुमाल बांधा.

क्लासला वेळ नाही म्हणताय, पण आठवड्यातून एक तास तरी कोणासमोर तरी बसा असं मी आग्रहाने सांगेन, कारण आपली जुनी चूक आपल्या कानाला बरोबर वाटायला लागलेली असते, ती दुसऱ्यालाच पकडता येते. घणसोलीहून चौथं स्टेशन वाशी, तिथे अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू आहे, गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला सुरू केलेल्या संगीत विद्यालयाची ही पुढची परंपरा. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत त्यांच्या परीक्षा असतात, वयाने मोठी माणसंही बसतात, मी स्वतः ४४ व्या वर्षी प्रवेशिका दिली, शेजारी बारा वर्षांची मुलगी होती आणि आम्ही दोघी सारख्याच घाबरलेलो.

शास्त्रीयच शिकलं पाहिजे असं नाही. गाणी म्हणा, खूप म्हणा. फक्त गणपतीत जे गाणं फाटलं तेच आज घ्या, ट्रॅक तीन अर्धे सूर खाली करा, मोबाईलमध्ये रेकॉर्ड करा आणि फाईलला आजची तारीख देऊन ठेवून द्या. तीन महिन्यांनी तेच गाणं, तीच पट्टी, पुन्हा रेकॉर्ड करा, आणि काय ऐकू येतंय ते मला इथे खाली लिहा, मी वाट बघते.